तिंचतिक नावाचं खोकं

कोचकोर, ३ मार्च

चि. मेलिस,

तुझं खोकं पोचलं. गाडीवाल्यानं ते दह्याच्या वाळल्या गोळ्यांच्या, कुरुतच्या पोत्याखालून काढून दिलं, तेव्हा मला वाटलं साबणाची वडी पाठवलीस.

माझा टेपरेकॉर्डर तू नेलास त्याला चार महिने झाले. भाच्याला मामाच्या घरातली आवडेल ती वस्तू उचलून न्यायचा हक्क आहे आणि मामाला नाही म्हणायची सोय नाही, हे मी नाकारत नाही. पूर्वीचे भाचे घोडा न्यायचे. तू टेपरेकॉर्डर नेलास, बिश्केकच्या दुकानात काचेमागे मांडलास, आणि वर मलाच सांगतोस, "तायके, आता तारांची कटकट संपली, फोनमधला आवाज हवेतून थेट तुमच्या स्टीरिओत येईल." आला. हवेतून यावा तसाच आला, पातळ.

नुसती माझी करमणूक असती तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या रेडिओच्या जुन्या ध्वनिसंग्रहातल्या पोरांनी चोयुनबेकच्या अकरा रचना पाठवल्या आहेत. आत-बाशीचा मेंढपाळ होता तो, माझ्या पाहण्यात कोमुझच्या तीन तारांवर असा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात कुरणावर त्याच्या तंबूत जाऊन ते ध्वनिमुद्रण मी केलं. दोन वर्षांनी तो गेला. जगात त्याचा आवाज तेवढाच उरला आहे. आता पोरांनी तो "साफ" केलाय म्हणे, आणि मी ऐकून सही केली की बाहेर काढणार. मुदत पंधरा मेपर्यंत.

मी ऐकतो तर कोमुझ रजईत गुंडाळून वाजवल्यासारखा. तारेवरून उतरताना त्याचं नख लाकडावर आपटायचं, ते नखच नाही. नख नसलं तर तो चोयुनबेक नाही, लग्नातला कुणीही वाजवणारा आहे. हे पोरांच्या झाडलोटीनं झालं की तुझ्या साबणानं, ते कळल्याशिवाय मी सही कशी करू? लवकर कळव. आणि कळव म्हणजे लिही. फोनवर तू पहिल्या वाक्यालाच "ऐकू येतंय का?" असं ओरडतोस.

तिंचतिक

*

बिश्केक, ८ मार्च

आदरणीय तायके,

तुमचं पत्र मिळालं. सोबतचं कुरुतही मिळालं. दोन्ही चावायला सारखंच होतं.

टेपरेकॉर्डर सुखात आहे, रोज पुसतो. आता तुमच्या तक्रारीकडे येतो. खोक्याचा दोष नाही. ते फोनकडून काही घेतच नाही, घरातल्या वायफायवरून सगळा आवाज जसाच्या तसा, एक कणही न गाळता ओढून घेतं आणि तारेनं तुमच्या ॲम्प्लिफायरला देतं. फोन फक्त हुकूम सोडतो. तुम्ही चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलीत, तुम्हाला ही पद्धत परिचयाची असेल.

तरी तुमच्या सुनेला, बेगिमायला, पुढचं करायला सांगा. ॲपच्या सेटिंगमध्ये "डेटा वाचवा" असं असेल, ते बंद करावं आणि दर्जा सगळ्यात वरचा निवडावा. "सर्व गाण्यांचा आवाज समान" हेही बंद करावं, नाहीतर ते कुजबुज आणि गर्जना एकाच पातळीवर आणून ठेवतं. फोनचा आवाज पूर्ण वर, कमी-जास्त करायचं ते ॲम्प्लिफायरवरून. राउटर उघड्यावर असावा. मामी होत्या तेव्हा प्रत्येक यंत्रावर भरतकामाचं फडकं घालायच्या, ती प्रथा चालू असेल तर थांबवा.

आणि एक. फोनवर आवाज कुठे पाठवायचा याची यादी येते, त्यात खोक्याला मी तुमचंच नाव दिलं आहे, तिंचतिक. बेगिमायनं ते वरचं नावच दाबावं. लढाई संपल्याच्या आनंदात तुमच्या आईवडिलांनी पोराचं नाव तिंचतिक, म्हणजे शांतता, ठेवलं आणि पोरानं जन्मभर आवाज धरण्याची नोकरी केली. म्हटलं, परंपरा पुढे चालावी.

आपला आज्ञाधारक भाचा,
मेलिस

*

कोचकोर, १५ मार्च

चि. मेलिस,

आज्ञाधारक हा शब्द तू शब्दकोशात कधी पाहिला आहेस का?

तू सांगितलेलं सगळं बेगिमायनं केलं. मी त्या काचेवर बोटं घासत नाही, मला बटण लागतं, दाबलं की टक् म्हणणारं. ती शाळेतून आली की चष्मा लावून बसते, मी हुकूम सोडतो, ती काच घासते. बचत बंद केली, समानता बंद केली. राउटर सापडला. तो रजयांच्या चळतीत सातव्या आणि आठव्या रजईच्या मधे होता, धूळ बसू नये म्हणून. बाहेर काढून खिडकीत ठेवला. आता तो घरातला सगळ्यात मानाचा पाहुणा आहे.

फरक पडला. पूर्वी कोमुझ तीन रजयांत होता, आता दोन रजयांत आहे. नख अजूनही नाही. आणि झांजा, घंटा, बायकांच्या गळ्यातलं वरचं टोक, सगळ्यावर पिठाचा थर बसल्यासारखा. माझ्या संग्रहातल्या दुसऱ्या गोष्टीही ऐकल्या, तेच. म्हणजे पोरांची झाडलोट राहिली बाजूला, आधी तुझंच काहीतरी बिघडलेलं आहे. तू दुकानात बसून लोकांना हे विकतोस आणि लोक घेतात, याचं मला नवल वाटत नाही. लोक काहीही घेतात.

तिंचतिक

*

बिश्केक, २२ मार्च

आदरणीय तायके,

नूरुजच्या, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. गव्हाच्या कोंबांचं सुमोलोक पाठवतोय, ते तरी गोड लागेल.

असंच खोकं मी दुकानात लावलं, तोच चोयुनबेक वाजवला. नख काय, नखाखालचा मळसुद्धा ऐकू आला. पोरांनी साफ करताना थोडं घासलंय हे खरं, पण नख आहे. गिऱ्हाइकांनाही ऐकू आलं. दाराशी भाजी विकणारी आजी आत डोकावून म्हणाली, "हा नखं कापत नाही का?"

तेव्हा तायके, आता मी जे लिहितो ते रागावू नका. खोकं नवं, वायफाय ठीक, सेटिंग ठीक, ॲम्प्लिफायर तुमच्या हातचा, स्पीकर अजून बरे. साखळीत एकच जुना भाग उरतो, तो डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतो. वरचे सूर आधी जातात, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. नारीनला कानाचे चांगले डॉक्टर आहेत. एकदा दाखवून या. कानात घालायची यंत्रं हल्ली इतकी छोटी येतात की बाहेरून दिसतसुद्धा नाहीत, आणि हो, तीही बिनतारी असतात.

मेलिस

*

कोचकोर, २ एप्रिल

मेलिस,

नारीनला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तुझ्या मुलीच्या वयाची. कानावर टोपडं चढवलं, किणकिण ऐकवली, कागदावर रेघ काढली आणि म्हणाली, "आजोबा, वयाच्या मानानं उत्तम." वयाच्या मानानं! गाढवाच्या मानानं उत्तम गवई, असं म्हणण्यातला तो प्रकार. 

गाडीत बसून विचार केला. एका ऐंशीला टेकलेल्या माणसाच्या कानाखातर चोयुनबेकला किती दिवस ताटकळत ठेवायचं? पोरांना ऐकू येतं, तुला येतं, भाजीवालीला येतं. मग मी हरकत घेणारा कोण? आज कागदावर सही केली. सफाई योग्य आहे, नख जागेवर आहे, असं लिहिलं. जे मला ऐकू आलं नाही त्याखाली मी जन्मात पहिल्यांदा सही केली. फार वाईट वाटलं, ते तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. लखोटा बेगिमायजवळ दिला आहे, उद्या टपालात टाकेल.

ते कानातलं यंत्र पाठवू नकोस. गुराखी गुरांच्या कानात बिल्ला अडकवतात, तेवढं या घरात पुरे आहे.

तिंचतिक

*

कोचकोर, ३ एप्रिल

शहरातले बाइके यांस,

पाकिटावर तुमचं नाव माझ्या मैत्रिणीनं घातलं आहे. तुम्ही नात्यानं माझे थोरले दीर, मी ते कसं लिहिणार? आणि घरच्या मोठ्यांचं नाव तर सांगायलाच नको. शाळेत बाकीच्या बाई वर्गाला गप्प करायला जो शब्द ओरडतात, तोच नेमका घरच्या मोठ्यांचा. मी ओरडत नाही, डस्टर आपटते. दोन वर्षांत सात डस्टर तुटले, मुख्याध्यापक विचारतात, तुमचं काय चाललंय?

लखोटा माझ्या पर्समध्ये आहे, मी टाकला नाही. रात्री घरच्या मोठ्यांनी जेवण अर्धं टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, "बेगिमाय, कान गेलेल्या माणसानं जेवताना आवाज करू नये, लोकांना त्रास होतो." मला रडू आलं. कारण बाइके, मला वाटतं यात माझं काहीतरी चुकलंय.

आवाज कुठे पाठवायचा ती यादी उघडली की दोन ठिकाणं दिसतात. वर घरच्या मोठ्यांचं नाव असतं. खाली ब्लूटूथच्या यादीत नुसती अक्षरं आणि आकडे, एस-आर-दोनशेचार की काहीतरी. तुम्ही म्हणाला होतात, वरचं दाबायचं. मी कसं दाबू? तोंडानं घेत नाही ते नाव बोटानं दाबायचं? ते शेजारी पाटावर बसलेले असतात, माझ्या हाताकडे बघत. त्यांच्यादेखत त्यांच्या नावाला बोट लावायचं, आणि वर जोरात? पहिल्या दिवशी मी खालचं आकड्यांचं दाबलं. त्यातूनही गाणं आलं. मला वाटलं, दोन्ही एकच. तेव्हापासून रोज तेच दाबते.

ते एकच आहे ना? नसेल तर हे त्यांना कसं सांगू? म्हणतील, सुनेनं माझे कान बुडवले. तुम्ही काही करा. लखोटा मी रविवारपर्यंत धरून ठेवते, त्यापुढे खोटं बोलावं लागेल आणि ते मला जमत नाही.

तुमच्या भावाची बायको

*

बिश्केक, ५ एप्रिल

बेगिमाय,

रडू नकोस, गाढव मी आहे. शहरात राहून माझी अक्कल नापीक झाली. सुनेनं सासऱ्याच्या नावावर बोट दाबावं अशी सोय करणारा मी, आणि वर त्यांनाच कानाच्या डॉक्टरकडे पाठवणाराही मीच.

ते एक नाही. घर एकच, पण दारं दोन. वरच्या दारानं सगळा आवाज अखंड येतो. खालचं ब्लूटूथचं दार अरुंद आहे. फोन आवाज चुरगाळून, बारीक टोकं खुडून त्यातून ढकलतो. पुष्कळ लोकांना फरक कळत नाही. त्यांना कळला, आणि मी त्यांना बहिरं ठरवलं.

आता नाव बदल. पण बदलायलाही आधी त्याच नावावर दाबावं लागतं, म्हणून असं कर. खोक्याच्या मागे छोटं बटण आहे, ते दहा मोजेपर्यंत दाबून धर. खोकं स्वतःचं नाव विसरेल आणि नवीन विचारेल. तुला चालेल ते ठेव आणि यापुढे तेच दाब. त्यांना सांग, बिघाड होता, बाइकेनं दुरुस्तीची युक्ती कळवली. लखोटा अजिबात टाकू नकोस.

मेलिस (हे नाव तू वाचू शकतेस, बोलू नकोस म्हणजे झालं)

*

कोचकोर, १३ एप्रिल

चि. मेलिस,

दुरुस्ती झाली. बेगिमायनं खोक्याचं मागचं बटण दाबलं, माझ्याकडे न बघता काहीतरी टाइप केलं आणि चोयुनबेक खोलीत येऊन बसला. मी खरंच पाटावर सरकून जागा केली.

काय बिघाड होता, ते तू सांगितलं नाहीस आणि तीही सांगत नाही. पण मला भिंग आहे. ती चहा करायला उठली तेव्हा फोन घेऊन पाहिला. यादीत जिथं माझं नाव होतं तिथं आता लिहिलंय, "ते". मग सगळा उलगडा झाला. म्हणजे महिनाभर माझ्या नावाचा मान राखण्यासाठी माझे कान बहिरे करण्यात आले. एवढा मान मला रेडिओत मिळाला असता तर मी संचालक झालो असतो. तिला मी काही बोललो नाही, बोलणारही नाही. तिनं लखोटा टाकला नव्हता, तो तिच्याकडून घेऊन बंबात घातला.

घालायलाच हवा होता. कारण आता नीट ऐकतो तर नख आहे, पण झिजवलेलं. पोरांनी खरखर पुसता पुसता नखाची धारही पुसली. तुला दुकानात नखाखालचा मळ ऐकू आला होता, नाही का? कानाचे डॉक्टर बिश्केकमध्येही चांगले आहेत. मी पोरांना कळवलं, साफ केलेलं मला नको. मूळ फितींवरून जे असेल ते, खरखरीसकट सगळं पाठवा. एकही टाकू नका.

तिंचतिक, उर्फ ते

*

कोचकोर, २७ एप्रिल

चि. मेलिस,

पोरांनी सगळं पाठवलं. मी एकही टाकू नका म्हटलं होतं, म्हणून अकराऐवजी बारा आल्या. बारावी मी पन्नास वर्षांपूर्वी रद्द केली होती. फितीच्या डबीवर माझ्या अक्षरात शेरा आहे, त्याचाही फोटो त्यांनी पाठवला: "वादकाच्या जोड्यांची चरचर. निरुपयोगी."

ती रचना चोयुनबेकची स्वतःची होती. अगदी हळू सुरू होऊन वर चढत जाणारी. वाजवून झाल्यावर मी कानावरचे हेडफोन काढले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "अहो, जोडे काढून बसायचं एवढंही कळत नाही का? सगळं वाया घालवलंत." तो म्हणाला, "चुकलं असेल." कोमुझ टांगून ठेवला. पुन्हा वाजवा म्हटलं तर म्हणाला, आज पुरे. मग मी निघालो. ती रचना पुन्हा कधी कुणी ऐकली नाही.

काल ती तुझ्या खोक्यातून ऐकली. चरचर स्पष्ट आहे, सहा वेळा. दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक चरचरीनंतर लगेच आवाजाची पातळी बदलते. आधी चर्र, मग पातळी खाली. आधी चर्र, मग पातळी खाली. मेलिस, वादकाला पातळी बदलता येत नाही. पातळीचं बटण माझ्याजवळ होतं. आधीच्या अकरांत ते एकदाच लावून ठेवलं होतं, या रचनेत सारखं वाकावं लागत होतं. मी वाकायचो आणि चर्र व्हायचं. शहरातून नवे कातडी बूट घेतले होते मी त्या दौऱ्यासाठी. ते मेंढपाळाच्या तंबूत काढले नव्हते. सरकारी माणूस कशाला काढतो?

मला स्वतःची शरम वाटते. दर्जा सुधारून दिल्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात, ते ठरलं नाही. त्याची मुलगी झूरा आत-बाशीला असते. तिला आज सगळं लिहून पाठवलं.

तिंचतिक

*

बिश्केक, ३ मे

तायके,

तीनदा बसलो लिहायला. टोमणा सुचला नाही.

एकच विचारतो. बारावीही पोरांच्या पद्धतीनं साफ केली तर चरचर पूर्ण जाते, मी त्यांच्याकडून ती मागवून दुकानात करून पाहिलं. कुणाला कधी कळणार नाही. नखाची धार मात्र जाते. मुदत पंधराला संपते. काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी सांगणार नाही. या वेळी तुमच्या कानांबद्दल मला काडीची शंका नाही.

मेलिस

*

कोचकोर, १४ मे

चि. मेलिस,

सही केली. मूळ फितींवर केली, बाराच्या बारा. कुणाला कळणार नाही म्हणतोस, ते तुझ्या धंद्यात चालतं. वेष्टनावर ध्वनिमुद्रकाचं नाव छापतात, त्याखाली एक ओळ घालायला सांगितली आहे: "बाराव्या रचनेतली चरचर ध्वनिमुद्रकाच्या बुटांची आहे." पोरं म्हणाली, आजोबा, असं कुणी छापत नाही. मी म्हटलं, मग सही परत द्या. छापणार आहेत.

झूराचं उत्तर काल आलं. मला वाटलं होतं चार शब्द सुनावेल. तिनं लिहिलंय, "काका, बाबांच्या पायात जोडे नव्हतेच, लोकरीचे मोजे होते. आम्ही बहिणी कोपऱ्यात बसून तुमच्या बुटांकडे बघत तोंड दाबून हसत होतो. बाबांनी डोळे वटारले म्हणून थांबलो. तुम्ही गेल्यावर आईनं विचारलं, खरं का नाही सांगितलंत? बाबा म्हणाले, त्याला शहरात जाऊन फिती दाखवायच्या आहेत, आपल्या घरी आलेल्या माणसाची मान आपल्यासमोर खाली जाऊ नये. ती रचना पुन्हा वाजवाल का, म्हणून मी पुष्कळदा विचारलं. म्हणायचे, आता ती चरचरीशिवाय वाजली तर तो इथे बसून ऐकत असल्यासारखं वाटेल, आणि मग त्याला लाज वाटेल."

तो दोन वर्षं जगला, मेलिस, आणि मला लाज वाटू नये म्हणून स्वतःच्याच घरात त्यानं ती रचना वाजवली नाही. मी पन्नास वर्षं कानाचा माणूस म्हणून मिरवलो.

तिंचतिक